पाहुण्याला दिलेला कान

अम्मीच्या मते अब्बांनी जन्मात तिचं कधी ऐकलं नाही.

मिरजेतलं आमचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून कामाची खोली, मध्ये लांब अंधारा बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. अब्बा पुढे तंबोऱ्यांवर वाकलेले, अम्मी मागे. दिवसातून चार-पाच वेळा ती तिथूनच हाक द्यायची, "अवो, चहा झालाय." पुढून उत्तर नाही. थोड्या वेळाने, "अवो, निवतोय की." तरी उत्तर नाही. मग तिसरी, सूर चढवून, "आता मीच येते हं तिथं." तिसरी हाक म्हणजे हाक नव्हती, समन्स होतं. अब्बा कानस जागेवर ठेवायचे, हात पुसायचे आणि मुकाट्याने बोळातून चालत यायचे. चहा पिताना अम्मी म्हणायची, "भिंतीला बोलावलं असतं तर भिंत आली असती." अब्बा म्हणायचे, "मग भिंतीला पाज." लग्नापासून हे असंच चालू होतं. मी त्यात वाढले, आणि खरं सांगायचं तर मला अम्मीचंच पटायचं.

अब्बांचं नाव दस्तगीर. जवारी लावण्यात त्यांचा हात धरणारा मिरजेत कोणी नाही, असं मी म्हटलं तर मुलीचं कौतुक समजून सोडून द्या. गिऱ्हाइकं याहून जास्त म्हणायची. तंबोऱ्याचा आवाज काढणाऱ्या पेट्या आल्या, मग तेच काम फोन करू लागले, मग कार्बनचे न फुटणारे भोपळे आले. पण ज्याला खऱ्या तारेसमोर बसून गायचं असे, तो शेवटी आमच्या दुकानाची पायरी चढायचा.

जवारी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका चपट्या हाडाच्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी हलका बाक दिलेला असतो. तार छेडली की त्या बाकाला घासत, उठत राहते आणि त्यातून तंबोऱ्याचं ते भरलेलं गुंजन निघतं. बाक केसभर चुकला की तंबोरा एकतर मुका होतो, नाहीतर पत्र्यासारखा वाजतो. हा बाक मोजून देता येत नाही. कानस फिरवताना हाडाचा आवाज बदलत जातो. तो ऐकता ऐकता, त्याच क्षणी, हाताचा दाब कमीजास्त करावा लागतो. आधी ऐकलं आणि मग विचार करून दाबलं, असं चालत नाही. तेवढ्यात हाड गेलेलं असतं.

अब्बांचा हात धडधाकट होता तेव्हा एका विद्यापीठातली मंडळी आमच्याकडे आली होती. जुनी कसबं जपून ठेवायची म्हणून कारागिरांचे हात नोंदवायचे, असा त्यांचा उद्योग. त्यांनी अब्बांना मनगटापासून कोपरापर्यंतची एक पातळ बाही आणि कानात घालायचं एक बोंड दिलं. बाही स्नायूंची हालचाल टिपायची, बोंड कानाला येणारा प्रत्येक आवाज. अब्बा कामाला बसले की दोन्ही चालू, उठले की बंद. दहाएक वर्षं त्यांनी ते इमानाने घातलं. मंडळी अधूनमधून यायची, चहा प्यायची, नोंदी घेऊन जायची. त्यातून पुढे काही होईल असं आम्हांला कोणालाच वाटलं नव्हतं.

मग एके सकाळी दात घासता घासता अब्बांची उजवी बाजू गेली.

वाचले, हेच खूप होतं. उजवा हात लुळा पडला, जीभ काही दिवस जड होती. तोल जायचा, घास घशात अडकायचा. कानांत आवाज शिरायचे, पण डोक्यात त्यांचा चिवडा व्हायचा. अम्मी बोलली की कोणी भांडी आपटतंय असं वाटतं, असं त्यांनी एकदा पाटीवर डाव्या हाताने लिहून दाखवलं. अम्मीने ते वाचलं आणि पाटी पुसून टाकली.

अशा रुग्णांना हल्ली कानामागे, कातडीखाली एक डबी बसवतात. काडेपेटीहून लहान, पण आत पुरा संगणक. त्याच्या मूळ प्रणालीला आमच्या धंद्यात यजमान म्हणतात. मी पुण्याच्या एका कंपनीचे संगणक मिरजेत बसून सांभाळते, तेव्हा हे घर माझ्या ओळखीचं. यजमानाच्या घरात पाहुणे उतरतात. पाहुणा म्हणजे आभासी यंत्र. आपण एक स्वतंत्र संगणक आहोत असं त्याला वाटत असतं, प्रत्यक्षात त्याला एका खोलीची जागा दिलेली असते. अब्बांच्या डबीतला एक पाहुणा गिळण्याचं बघायचा, एक तोलाचं, एक ऐकण्याचं, एक हाताचं. वेगळे ठेवायचं कारण साधं आहे. हाताचा पाहुणा कोसळला म्हणून घास अडकायला नको. आणि यातल्या कुणालाच खऱ्या शिरेला किंवा स्नायूला परस्पर हात लावता येत नाही. पाहुणा यजमानाला सांगतो, यजमान तपासतो, मग पुढे कळवतो. काही विपरीत दिसलं तर तिथल्या तिथे अडवतो.

या व्यवस्थेत अब्बा जेवू लागले, सदऱ्याची बटणं लावू लागले. अम्मीचं बोलणं पुन्हा अम्मीच्या आवाजात ऐकू यायला लागलं. आम्ही पेढे वाटले.

तेवढ्यात ती विद्यापीठाची मंडळी आठवली. त्यांच्याकडच्या नोंदींवरून शिकवून तयार केलेला जवारीचा पाहुणा आम्ही डबीत आणला, हातावर बसवला. अब्बांनी कानस घेतली आणि पहिली घोडी बिघडली. दुसरीही बिघडली. कानाकडून आलेला आवाज यजमानामार्फत पाहुण्याकडे, पाहुण्याचा हुकूम परत यजमानामार्फत हाताकडे, या हेलपाट्यात जो वेळ जायचा तो पापणी लवायच्या वेळाहून कितीतरी लहान. पण जवारीला तो फार होता.

अब्बांनी कानस खाली ठेवली. "तस्नीम, हा हात जेवायचा आहे," ते म्हणाले. "कामाचा न्हाई."

त्यानंतर ते रोज दुकान उघडून बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. कोणी तंबोरा आणला तर सध्या काम बंद आहे म्हणायचे. 'सध्या' म्हणताना ते गिऱ्हाइकाकडे बघायचे नाहीत. माझा बाप असा रिकाम्या हातांनी बसलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला ते बघवत नव्हतं.

माझ्या कामात अशा अडचणीवर एक उपाय असतो. एखादं उपकरण यजमानाच्या हातून काढून सरळ एका पाहुण्याला देऊन टाकायचं. थेट जोडणी. मग मध्ये कोणी नाही, विचारणं नाही, तपासणं नाही, उशीर नाही. पण त्याची अट अशी, की दिलं म्हणजे दिलं. पाहुणा ते आपणहोऊन परत करेपर्यंत यजमानाला ते उपकरण दिसतही नाही. आपल्याच घरातल्या खोलीची किल्ली पाहुण्याला द्यावी आणि त्याने आतून कडी लावावी, तसं.

डबीच्या डॉक्टर होत्या मृणालिनी वझरकर. त्या तयार झाल्या, पण दोन गोष्टी बजावून. पहिली म्हणजे हात एकटा देता येणार नाही. डबीत हात आणि कान एकाच फांदीवर जोडलेले आहेत. एका फांदीवरची उपकरणं यजमानाला चुकवून एकमेकांच्या जागेत घुसू शकतात, म्हणून द्यायची तर सगळी फांदी एकाच पाहुण्याला द्यायची, नाहीतर काहीच नाही. म्हणजे काम चालू असेपर्यंत अब्बांना ठार ऐकू येणार नाही. दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "मध्येच हिसकावून घेऊ नका. या जातीच्या डबीत हिसकावलेलं उपकरण मूळपदावर येत नाही, अधांतरी अडकतं. मग सगळी डबी बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. तेवढ्या वेळात गिळणं आणि तोल दोन्ही थांबतात. या वयात थांबलेलं परत सुरू होईलच, याची हमी मी देणार नाही."

हे सगळं मी अब्बांपुढे मांडलं. काम चालू असताना हात तुमचा नसेल, कानही नसेल.

"अन् जवारी?"

"जवारी तुमचीच. तुमच्याच हातावरून शिकलाय तो."

"मग दे त्याला."

अम्मी तिथेच मेथी निवडत बसली होती. तिला आम्ही विचारलंच नाही. तीच म्हणाली, "आधी ऐकत नव्हते, आता ऐकू येणार न्हाई. मला काय फरक पडतोय?" आणि देठं उचलून आत गेली.

पहिल्या दिवशी मी टॅबलेटवर जोडणी केली. अब्बा किंचित दचकले, कान गेला असणार. मग उजवा हात उठला, कानशीवरून अंगठा फिरवून त्याने तिची धार बघितली, अगदी अब्बा बघायचे तशी, आणि घोडीवर टेकला. डाव्या हाताने अब्बांनी घोडी धरली होती, तेवढंच त्यांचं काम. कानस हाडावर चालू लागली. थांबली, तारा चढवल्या, छेडल्या. पुन्हा उतरवल्या. दुपारपर्यंत तंबोरा असा बोलायला लागला की समोरचा रिक्षावाला चार्जिंग सोडून दारात येऊन उभा राहिला. ज्यांना ऐकू आला नाही असे तेवढे एकटे अब्बाच.

काम संपलं की हात कानस तिच्या खाचेत ठेवायचा, फडक्याला पुसायचा आणि गळून पडायचा. त्याबरोबर टॅबलेटवर दिसायचं, उपकरणं परत. मग अब्बा डोकं हलवून आपला कान तपासायचे आणि तंबोरा छेडून ऐकायचे. पहिल्या दिवशी ते पुष्कळ वेळ ऐकत बसले.

"कसा आहे?" मी विचारलं.

"माझाच आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं हात चालवला, पण तो बघायला आजच मिळाला. चांगला चालत होता की गं."

त्यांचे डोळे भरले होते. आनंद होता त्यात, आणि कसलं तरी परकेपणही होतं. मी आनंदच तेवढा मोजला.

दुकान पुन्हा चालू झालं. कानाला दुसरे आवाज नकोत म्हणून मी घरात नियम केला, काम चालू असताना पुढे कोणी बोलायचं नाही. मोबाइल बंद, गिऱ्हाईक बाहेरच्या बाकावर. अम्मीला नियम सांगायची गरजच नव्हती. बहिऱ्याला हाक मारून काय करायचं? ती गुपचूप बोळातून यायची, कप अब्बांच्या डाव्या बाजूला ठेवायची आणि जायची. जन्मात पहिल्यांदाच अब्बांना चहा गरम मिळू लागला. मला वाटलं, चला, घर कसं शांत झालं. अम्मी संध्याकाळीही फारशी बोलेनाशी झाली होती हे मला दिसत होतं, पण वयामुळे असेल असं मी ठरवून टाकलं.

कुपवाडच्या वसुधाताई किणीकर गाणं शिकवतात. त्यांनी आपल्या आईचा तंबोरा आणला. जुना, रया गेलेला, पण आवाजाला खोल. अब्बांनी तो सकाळी घेतला, मी जोडणी केली आणि माझ्या कामाला लागले.

दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी कानशीचा आवाज चालूच होता. मी पुढे गेले. अब्बांच्या कपाळावर घाम होता. हात घासत होता, तारा चढवत होता, छेडत होता, पुन्हा उतरवून घासत होता. तारा छेडल्या की गुंजनाच्या खाली एक बारीक खरखर यायची. हात ती घालवायला बघत होता आणि ती जात नव्हती. घोडीची पाठ नको तितकी खाली गेली होती. मनगट सुजलं होतं, बोटं निळसर पडली होती. अब्बांना त्यातलं काही जाणवत नव्हतं, कारण हात त्यांचा नव्हताच. ते माझ्याकडे बघून बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने म्हणाले, "हा थांबत न्हाई गं."

मी टॅबलेट बघितला. यजमानाला हात दिसत नव्हता, कान दिसत नव्हता. आतून कडी होती. डाव्या हाताने अब्बांनी तंबोरा बाजूला ओढला, तर कानस हवेत फिरली, मग पाटावर, मग त्यांच्याच डाव्या अंगठ्यावर. रक्त आलं. घाईघाईने तंबोरा परत तिथे ठेवला, निदान ती हाडावर तरी चालेल. मी मनगट धरून पाहिलं. माझ्या जोराने शिरा तुटल्या असत्या, हात थांबला नसता. "थांब," मी ओरडले, "बास कर." असल्या हुकमांची त्याला सवय नव्हती. अब्बांवर आयुष्यात कोणी ओरडलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी हाताची चित्रं बघितली आणि त्यांचा आवाज बदलला. "हे असंच चाललं तर स्नायू फाटतील, हात कायमचा जाईल. हिसकावलंत तर हात आणि कान अडकतील, डबी पूर्ण बंद करावी लागेल. मी रुग्णवाहिका पाठवते. ती दाराशी आली की मगच जोडणी तोडा, आधी नको. अन् त्यांना विचारा."

मी पाटीवर लिहिलं. अब्बांनी वाचलं, सुजलेल्या हाताकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तोड."

अम्मी बोळाच्या तोंडाशी येऊन उभी होती. तिने पाटी वाचली. "तोडल्यावर गिळता येईल ह्यांना?"

"माहीत नाही, अम्मी."

"बोलता येईल?"

"बोलता येईल. पण तू बोललेलं बहुतेक ऐकू येणार नाही."

तिने पदराने अब्बांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "मग आधी दोन घोट चहा तरी पिऊ दे." आणि आत गेली.

आमच्या घरात काहीही झालं तरी अम्मी चहा ठेवते. पूर आला तेव्हा माळ्यावर चढून ठेवला होता. मी टॅबलेट मांडीवर घेऊन बसले, बोट जोडणी तोडायच्या खुणेजवळ. बाहेर रुग्णवाहिका अजून दिसत नव्हती. कानस चालत होती. अब्बा डावा हात उजव्यावरून फिरवत होते, दुसऱ्याच्या लेकराला थोपटावं तसे. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

तेवढ्यात बोळाच्या टोकाहून, कित्येक महिन्यांनी, जुन्या सवयीने हाक आली.

"अवो, चहा झालाय."

कानस थांबली.

मी बघतच राहिले. हात घोडीवर तसाच टेकलेला, निश्चल. अब्बांना काहीच ऐकू आलं नव्हतं, ते थांबलेल्या हाताकडे डोळे विस्फारून बघत होते. मी श्वास घेते न घेते तोच बोटं पुन्हा आवळली आणि कानस चालू झाली.

"अम्मी," मी ओरडले, "परत हाक मार. रोज मारायचीस तशी."

"काय?"

"मार गं. निवतोय म्हण."

मग तिचा आवाज आला. "अवो, निवतोय की."

हात थांबला. या वेळी जास्त वेळ थांबला. मनगट जरासं उचललं गेलं, विचारात पडल्यासारखं, आणि पुन्हा खाली आलं.

आता मला कळलं होतं. यजमान त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, मी पोचत नव्हते. पण कान त्याच्याकडे होता. तो ज्या हाताकडून शिकला होता त्या हाताला हा आवाज माहीत होता. तिसरी हाक मला सांगावी लागली नाही. अम्मी बोळातून चालत येत होती, भांड्यासकट, आणि तिचा सूर चढला होता.

"आता मीच येते हं तिथं."

कानस घोडीवरून उठली. हात बाजूला सरकला, तिला तिच्या खाचेत नीट ठेवलं, फडक्याला तळवा पुसला, मागून पुढून, आणि अब्बांच्या मांडीवर गळून पडला. टॅबलेटवर ओळ आली, उपकरणं परत.

अब्बा कळवळले. दुखणं एकदम त्यांचं झालं होतं. अम्मी दारात भांडं धरून उभी होती आणि तिच्या तोंडून हुंदका निघाला. कान परत आल्यावर अब्बांनी पहिल्यांदा ऐकलं ते हेच.

"का रडतेस?" ते म्हणाले. "ये की आत."

रुग्णवाहिका आली ती नुसती हात बांधायच्या कामी आली.

वसुधाताईंच्या तंबोऱ्यात काय होतं ते अब्बांनी दुसऱ्या दिवशी एकदाच छेडून सांगितलं. भोपळ्याला आतून केसासारखी चीर गेली होती. खरखर तिची होती, घोडीचा काही दोष नव्हता. पाहुण्याला घोडीपुरतंच शिकवलं होतं, तो बिचारा घोडीतच दोष शोधत राहिला. मध्ये उठून चहा पिऊन आलेला माणूस परत आला की वेगळ्या कानाने ऐकतो. या पाहुण्याला आम्ही उठूच देत नव्हतो.

हे झाल्यावर मी विद्यापीठाच्या जुन्या नोंदी मागवल्या आणि बसून ऐकल्या. बाही काय करत होती आणि बोंडात काय ऐकू येत होतं, दोन्ही शेजारी शेजारी. कानशीचा आवाज, रस्ता, पावसाळ्यातली गळती आणि दूरवरून अम्मी. "अवो, चहा झालाय." प्रत्येक वेळी, पहिल्याच हाकेला, कानस थांबलेली होती. थोडी थांबायची, मग पुन्हा चालायची. दुसऱ्या हाकेला पुन्हा थांबायची. मी पुढे पुढे जाऊन ऐकत राहिले, एखादी तरी सुटली असेल म्हणून. इतक्या वर्षांत एकही हाक रिकामी गेली नव्हती.

मी दोघांना शेजारी बसवून ते ऐकवलं. अब्बा ओशाळले. "मला काय माहीत? थांबत असेल हात."

"हाताला कळत होतं," अम्मी म्हणाली, "माणसाला न्हाई." पण तिने पदर डोळ्यांना लावला. नंतर ती मला आत म्हणाली, "परत एकदा लाव गं ते." मी लावलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. तिचा स्वतःचाच आवाज, तरुण, वैतागलेला, आणि त्यानंतरची ती छोटी शांतता.

महिनाभर थेट जोडणी बंद ठेवली. हात बरा झाला. अब्बा पुन्हा रिकामे बसू लागले, आणि आता 'सध्या'सुद्धा म्हणेनात. मी पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ऐकू येणारा बाप आणि काम करणारा बाप यांतला कोणता ठेवायचा, हे मुलीने ठरवायचं नसतं.

ठरवलं अम्मीने. एके दिवशी माझ्यापुढे टॅबलेट आणून ठेवला. "दे त्यांना हात परत."

"अम्मी, दिवसभर त्यांना तुझं काही ऐकू येणार नाही."

"हाताला येतंय की," ती म्हणाली. "पण तुझा तो गप्प बसायचा नियम मी मोडणार. अन् चहा नेऊन देणार न्हाई."

पाहुण्यात मी तेवढी एक सुधारणा करून घेतली. हाक ऐकून थांबलेला हात आपणहोऊन पुन्हा चालू होणार नाही, अब्बांनी डाव्या हाताने पाटावर टिचकी मारली तरच. डॉक्टरांनी तपासून मान हलवली.

जोडणी पुन्हा केली त्या दिवशी मी दुकानातच बसले होते. अब्बा आपल्या हाताकडे बघत होते, आता पूर्वीसारखं परक्याकडे बघितल्यासारखं नाही. कशाची तरी वाट बघितल्यासारखं. कानस चालू होती.

आतून हाक आली. "अवो, चहा झालाय."

हात थांबला. अब्बांनी थांबलेल्या हाताकडे पाहिलं, मग बोळाकडे. ऐकू काहीच आलं नव्हतं. तरी खुदकन हसले आणि घर दणाणेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आलो."

आणि खरंच उठले. पहिल्या हाकेला. उजव्या मुठीत कानस तशीच होती, तो हात त्यांनी डाव्या हाताने छातीशी धरला आणि तोल सांभाळत बोळातून चालत गेले. मीही मागोमाग गेले.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांना बघून अम्मी गोंधळली, गॅस झाकत आडवी उभी राहिली. "एवढ्या लवकर कशाला आलात?" ती म्हणाली. अब्बांना ते ऐकू आलं नाही. ते तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पातेल्यात पाणी नुकतंच तापायला लागलं होतं. चहाची पूड अजून डब्यातच होती.